ग्रीक नगरवासीवाचक नामे: रूप कसे ठरते आणि ती नेमकी कोणाला लागतात

प्राचीन ग्रीक शिकणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की अथेन्सचा माणूस ‘अथेनाइओस’ आणि कोरिन्थचा ‘कोरिन्थिओस’ होतो, तर मग मेगाराचा ‘मेगारेउस’, तेगेआचा ‘तेगेआतेस’ आणि किझिकोसचा ‘किझिकेनोस’ का होतो. मराठीत गावाच्या नावाला ‘कर’ लावला की बहुतेक ठिकाणी काम भागते, तसा एखादा नियम ग्रीकमध्ये आहे का, आणि या शब्दांचा अर्थ ‘त्या शहरात राहणारा’ एवढाच घ्यायचा का, असेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. ग्रीक अभिलेख वाचण्यात आणि शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे दोन्हींची उत्तरे आधीच देऊन टाकतो. नगराच्या नावावरून रूपाचा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. आणि ‘राहणारा’ हा अर्थ धरून चाललात तर अनेक ठिकाणी फसाल, कारण हे नाव मुळात निवास सांगत नाही, नगराच्या नागरिकसंघातले सदस्यत्व सांगते.

आधी परिभाषा पाहू. ग्रीक व्याकरणकार अशा नामाला ‘एथ्निकोन’ म्हणत. ‘एथ्नोस’ म्हणजे लोकसमूह, त्यामुळे नगर, प्रदेश आणि जमात या सर्वांवरून पडलेली माणसांची नावे या संज्ञेत येतात. वस्तूंना लावायच्या विशेषणाला ते ‘क्तेतिकोन’, म्हणजे मालकी किंवा संबंध दाखवणारे, असे म्हणत, आणि ते बहुधा ‘-इकोस’ने संपते. मेगाराचा माणूस मेगारेउस, पण मेगाराशी संबंधित वस्तू ‘मेगारिकोस’. अथेन्सच्या बाबतीत ही फारकत आणखी ठळक आहे: माणूस अथेनाइओस, तर बोली आणि भांडी ‘आत्तिकोस’ या विशेषणाने ओळखली जातात. ‘-इओस’ची रूपे मात्र दोन्ही कामे करतात, खिओसची दारू आणि मिलेतोसची लोकर यांना तिथल्या माणसांचेच विशेषण लागते. मजकूर वाचताना हे ध्यानात ठेवले तर निम्मे घोटाळे टळतात.

यातली काही नावे मराठी वाचकांच्या नकळत ओळखीची आहेत. बायबलच्या नव्या करारातील पौलाच्या सात पत्रांची मराठी शीर्षके रोमकरांस, करिंथकरांस, गलतीकरांस, इफिसकरांस, फिलिप्पैकरांस, कलस्सैकरांस आणि थेस्सलनीकाकरांस अशी आहेत (करिंथ आणि थेस्सलनीका येथल्यांना प्रत्येकी दोन पत्रे असली तरी नावे सातच). भाषांतरकारांनी सर्वत्र ‘कर’ वापरला आणि मराठीच्या दृष्टीने तेच योग्य होते. मूळ ग्रीकमध्ये मात्र त्यांची एकवचनी रूपे अनुक्रमे रोमाइओस, कोरिन्थिओस, गालातेस, एफेसिओस, फिलिप्पेसिओस, कोलोस्साएउस आणि थेस्सालोनिकेउस अशी आहेत. यांतला गालातेस हा नगरवासी नाहीच. ते एका लोकसमूहाचे नाव आहे आणि ‘गालातिआ’ हे प्रदेशनाम उलट त्यावरून पडले आहे. फिलिप्पेसिओस हे रूप ग्रीकच्या अंगभूत घडणीचे नाही. इ.स.पू. ४२ च्या लढाईनंतर फिलिप्पोइ ही रोमन वसाहत झाली, तिथे लॅटिनचा वावर वाढला आणि लॅटिन ‘फिलिप्पेन्सिस’ हाच शब्द ग्रीक वेष घेऊन रूढ झाला. एरवी ग्रीकमध्ये फिलिप्पेउस आणि फिलिप्पेनोस अशी रूपे मिळतात. एकाच नगराला तीन नगरवासीवाचक नामे असू शकतात, एवढी एक गोष्ट पाहिली तरी सरसकट नियमाची आशा सोडावी लागते.

तरीही प्रत्ययांचे वर्ग आहेत आणि ते शिकण्यासारखे आहेत. सर्वांत मोठा वर्ग ‘-इओस’चा. ओ-कारान्त नगरनामाचा शेवटचा स्वर गळून हा प्रत्यय लागतो, म्हणून कोरिन्थोसचे कोरिन्थिओस आणि रोदोसचे रोदिओस. मूळच्या आ-कारान्त नावाला तो लागला की दोन्ही मिळून ‘-आइओस’ असे दिसते: थेबाइचे थेबाइओस, स्मिर्नाचे स्मिर्नाइओस, किरेनेचे किरेनाइओस. विद्यार्थी ‘-आइओस’ हा वेगळा प्रत्यय म्हणून पाठ करतात, पण मुळात तो तोच आहे. आर्गोसचे ‘आर्गेइओस’ कसे, हेही यातूनच उलगडते: त्या नावाचे प्रातिपदिक, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचे मूळ रूप, ‘आर्गेस्-’ असे स-कारान्त आहे, आणि दोन स्वरांमध्ये सापडलेला स ग्रीकमध्ये लोपतो. मिलेतोसच्या माणसाला ‘मिलेतिओस’ न म्हणता ‘मिलेसिओस’ म्हणतात, कारण आयोनियन आणि आत्तिक बोलींत इ-पूर्वीच्या त चा अशा ठिकाणी स होतो.

या वर्गाचे वय किती, याचा पुरावा अनपेक्षित जागी सापडतो. पिलोसच्या राजवाड्यातल्या, सुमारे इ.स.पू. १२०० च्या मातीच्या पाट्यांवर लिनिअर बी या जुन्या ग्रीक लिपीत बायकांच्या गटांच्या याद्या आहेत, आणि त्या गटांना ‘मि-रा-ति-या’, ‘कि-नि-दि-या’, ‘रा-मि-नि-या’ अशी नावे आहेत. मिलेतोस, क्निदोस आणि लेम्नोस येथल्या या बायका. त्यांच्या गटांपुढे धान्याचा आणि अंजिरांचा शिधा मोजून लिहिला आहे, त्यावरून त्या राजवाड्याच्या ताब्यातल्या कामकरी स्त्रिया होत्या हे कळते. मिलेतोसचा त येथे अजून शाबूत आहे, हा भाषाशास्त्राचा भाग झाला. इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे हे की नगरवासीवाचक नामाचे आपल्याला मिळणारे जवळजवळ सर्वांत जुने दाखले समुद्रापलीकडून आलेल्या परावलंबी बायकांचे आहेत. नागरिकत्वाचा मान त्या शब्दाला नंतरच्या नगरराज्यांनी दिला.

प्रत्ययांची सरमिसळ एकाच दगडावर, खरे तर एकाच कांस्यावर, पाहायची असेल तर इस्तंबूलच्या जुन्या हिप्पोड्रोमच्या जागी उभा असलेला सर्पस्तंभ पाहावा. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाताइआइ येथे इराण्यांचा पराभव झाल्यावर ग्रीकांनी लुटीतून डेल्फीला एक सोन्याची तिवई अर्पण केली, तिचा हा आधार: एकमेकांत गुंफलेले तीन कांस्यसर्प. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात तो नव्या राजधानीत आणला गेला. सर्पांच्या वेटोळ्यांवर ‘यांनी युद्ध लढले’ अशा अर्थाच्या ओळीखाली ३१ नावे कोरलेली आहेत. इतिहासकार थुकिडिडीस सांगतो की स्पार्टाचा सेनापती पाउसानिआस याने स्वतःची बढाई मारणारे दोन चरण आधी कोरवून घेतले होते, ते स्पार्टाने खरवडून काढले आणि शत्रूला नमवणाऱ्या नगरांची नावे त्या जागी घातली. थुकिडिडीसचा शब्द ‘पोलेइस’, म्हणजे नगरे, असा आहे. स्तंभावर मात्र एकाही नगराचे नाव नाही. तिथे लाकेदाइमोनिओइ, अथानाइओइ, कोरिन्थिओइ अशी माणसांची अनेकवचने आहेत. ग्रीक वाचकाला यात विसंगती वाटली नसती, आणि त्याकडे मी पुढे येतोच.

रूपांच्या दृष्टीने ही यादी मोजून पाहावी. ३१ पैकी १७ नावे ‘-इओस’ किंवा त्याच्या ‘-आइओस’, ‘-एइओस’ या रूपांची आहेत, ९ ‘-एउस’ची आणि ५ ‘-तेस’ची (डोरिक, म्हणजे स्पार्टा-कोरिन्थकडच्या बोलीच्या, उच्चाराने ‘-तास’). डोरिक लेखकाने अथेन्सवाल्यांना अथानाइओइ आणि ऐगिनावाल्यांना ऐगिनाताइ केले आहे. एलिसचे लोक तिथे ‘वालेइओइ’ असे, त्यांच्या बोलीत टिकून राहिलेल्या व-कारासह येतात. ग्रंथांत तो व-कार दिसत नाही आणि आपण ‘एलेइओइ’ वाचतो, पण एलिसच्या नाण्यांवर तो आहे. सर्वांत बोलके उदाहरण मिकेनाइचे. अथेनाइ, थेबाइ या धर्तीवर मिकेनाइचे रूप मिकेनाइओस व्हायला हवे, आणि इतिहासकार हेरोडोटस खरोखर तसेच लिहितो. स्तंभावर मात्र ‘मिकानेस’ आहे, म्हणजे ‘-एउस’च्या वर्गातले अनेकवचन. तीच गोष्ट प्लाताइआइ आणि थेस्पिआइ यांची: नगरनामाचा शेवट अथेनाइसारखाच, पण माणूस प्लाताइएउस आणि थेस्पिएउस. नगराच्या नावाच्या शेवटावरून रूप ठरत नाही, हे यापेक्षा थोडक्यात दाखवता येणार नाही.

‘-एउस’ हा प्रत्यय मुळात धंदा किंवा भूमिका सांगणाऱ्या नामांचा आहे. ‘हिप्पेउस’ म्हणजे घोडेस्वार, ‘हिएरेउस’ म्हणजे पुरोहित. नगरांना तो कधी लागतो याचे बरेच अपवाद असलेले एक साधे निरीक्षण एवढेच की नाव ‘-इआ’, ‘-एइआ’ने संपत असेल तर त्याची शक्यता वाढते: एरेत्रिआचा एरेत्रिएउस, मान्तिनेइआचा मान्तिनेउस. अलेक्झांडरने आणि त्याच्यानंतरच्या राजांनी स्वतःच्या, आईवडिलांच्या आणि राण्यांच्या नावांनी वसवलेली अलेक्सांद्रेइआ, अन्तिओखेइआ, सेलेउकेइआ, लाओदिकेइआ ही नगरे याच घडणीची असल्याने हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या, काळात ‘-एउस’ला मोठी भरती आली. ‘-तेस’चा कल लांब स्वरानंतर येण्याकडे आहे: ऐगिनेतेस, अब्देरितेस, स्तागेइरितेस, हेराक्लेओतेस. ‘-पोलिस’ने संपणाऱ्या नगरांना बहुधा ‘-पोलितेस’ लागतो आणि तिथे विद्यार्थ्याला निर्धास्त राहता येते. या प्रत्ययाचा एक सुंदर उपयोग सिसिलीत झाला. बेटावरचे मूळ रहिवासी ‘सिकेलोइ’, आणि तिथे येऊन वसलेले ग्रीक ‘सिकेलिओताइ’. इटलीत तसेच ‘इतालोइ’ आणि ‘इतालिओताइ’. जमीन एकच, पण कोणाचा वंश कोणता हे प्रत्ययाने वेगळे ठेवले.

उरलेले दोन वर्ग भूगोलाने बांधलेले आहेत. ‘-एनोस’ आणि त्याचा भाऊबंद ‘-आनोस’ हे प्रामुख्याने आशिया मायनर आणि त्याच्या आसपासचे: किझिकेनोस, लाम्प्साकेनोस, अबिदेनोस, पेर्गामेनोस, सार्दिआनोस, पुढे सीरियात दामास्केनोस. ‘-इनोस’ इटली आणि सिसिलीचा: तारान्तिनोस, अक्रागान्तिनोस, रेगिनोस. सर्पस्तंभावर या दोन्हींपैकी एकही रूप नाही, कारण ती यादी मुख्य भूमीवरच्या आणि एजियन बेटांवरच्या ग्रीकांची आहे. येथे एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. किझिकोस ही मिलेतोसची वसाहत, लाम्प्साकोस फोकाइआची. वसवणारे अस्सल आयोनियन ग्रीक, पण त्यांनी स्वतःसाठी जो प्रत्यय घेतला तो मायभूमीचा नव्हे, भोवतालच्या प्रदेशाचा. शेजारी त्यांना ज्या नावाने हाक मारत असावेत ते नाव त्यांच्या अंगवळणी पडले, असे माझे मत आहे. प्रत्यय रक्तावरून ठरतो असे मानणाऱ्यांना या नगरांचे स्पष्टीकरण देता येत नाही.

काही ठिकाणी प्रत्यय दिसतच नाही. खिओस या बेटाचा माणूसही ‘खिओस’च, फरक फक्त इ-काराच्या लांबीचा आणि आघाताचा, जो येथल्या लिप्यंतरात दाखवलेला नाही. डेल्फीत तर नगराचे नाव आणि नागरिकांचे अनेकवचन दोन्ही ‘देल्फोइ’ आहे.

आता अर्थाकडे वळू. ग्रीक भाषेत राज्याचे अधिकृत नाव म्हणजे तिथल्या नागरिकांचे अनेकवचन. ‘अथेन्सने युद्ध पुकारले’ असे आपण लिहितो. ग्रीक लेखक ‘अथेनाइओइनी’ लिहितो. थुकिडिडीसचे पहिलेच वाक्य ‘थुकिडिडीस अथेनाइओस याने पेलोपोन्नेसिओइ आणि अथेनाइओइ यांचे युद्ध लिहिले’ असे आहे, आणि सिसिलीत पराभूत झालेल्या सैन्यासमोर अथेन्सचा सेनापती निकिआस याच्या तोंडी त्याने घातलेले वाक्य प्रसिद्ध आहे: माणसे म्हणजे नगर, माणसांविना उरलेले तट किंवा जहाजे नव्हेत. स्तंभावरच्या माणसांच्या यादीला तो ‘नगरे’ म्हणतो ते याच समजुतीने. नाण्यांवरही हेच. सिराकूझच्या नाण्यावर षष्ठीचे अनेकवचन असते, ‘सिराकोसिओन’, म्हणजे सिराकूझवासीयांचे. मेस्सिना सामुद्रधुनीवरच्या झांक्ले नगराच्या जुन्या नाण्यांवर स्थानिक उच्चाराने ‘दांक्ले’ असे नगराचेच नाव होते, इ.स.पू. ४८० च्या दशकात रेगिओनचा सत्ताधीश अनाक्सिलास याने ते नगर घेऊन त्याचे नाव बदलले, तेव्हा नाण्यांवर ‘मेस्सेनिओन’, मेस्सेनिओइंचे, असे आले. जुन्या नाण्यावर जागा होती, नव्यावर माणसे आली.

सदस्यत्वाची ही कल्पना स्पार्टात सर्वांत काटेकोर आहे. ‘स्पार्तिआतेस’ म्हणजे पूर्ण हक्क असलेला नागरिक. ‘लाकेदाइमोनिओस’ हे राज्याचे नाव असून त्यात भोवतालच्या गावांतले, स्वतंत्र पण राजकीय हक्क नसलेले ‘पेरिओइकोइ’ही येतात. ‘लाकोन’ त्याहून सैल, बोलण्यातला शब्द आहे. तह आणि युद्धे लाकेदाइमोनिओइंच्या नावाने होतात, स्पार्तिआताइंच्या नाही. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फाक्तेरिआ बेटावर अथेन्सच्या हाती जिवंत लागलेले शिपाई २९२ होते, आणि थुकिडिडीस लगेच सांगतो की त्यांतले सुमारे १२० स्पार्तिआताइ होते. अथेन्सच्या हाती खरा हुकमाचा पत्ता लागला तो या १२० मुळे, आणि मराठी अनुवादात दोन्ही शब्दांसाठी ‘स्पार्टन’ छापले की ते वाक्यच निरर्थक होते.

घरच्या घरी हे नाव फारसे वापरले जात नाही, हेही नव्या वाचकाला चकवते. अथेन्समध्ये अथेनाइओस म्हणून स्वतःची ओळख देण्यात अर्थ नव्हता. इ.स.पू. ५०८-०७ मधल्या क्लेइस्थेनेसच्या सुधारणांनंतर तिथे नाव, वडिलांचे नाव आणि ‘देमोस’चे, म्हणजे मूळ नोंदणीच्या गावाचे, नाव अशी पद्धत आली. हद्दपारीच्या मतदानात वापरलेल्या खापऱ्यांवर ‘थेमिस्तोक्लेस नेओक्लेओस फ्रेआर्रिओस’ असे खरवडलेले सापडते: नेओक्लेसचा मुलगा, फ्रेआर्रिओइ गावचा. असे १३९ देमोस होते आणि त्यांच्या नावांनाही वर पाहिलेले सगळे प्रत्यय लागतात. काही देमोसांना प्रत्ययाऐवजी ‘-थेन’, म्हणजे ‘-हून’, असे अव्ययरूप लागते. सॉक्रेटिस हा ‘आलोपेकेथेन’, आलोपेकेहून. देमोस वडिलांकडून मुलाकडे जातो. घर बदलले, पिढ्यान्‌पिढ्या शहरात गेल्या, तरी तो बदलत नाही. आणि परदेशी रहिवाशाचे काय? एरेख्थेइओन मंदिराच्या इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या बांधकाम-हिशेबात एक गवंडी ‘सिमिआस, आलोपेकेत राहणारा’ असा नोंदला आहे. सॉक्रेटिस आलोपेकेहून, सिमिआस आलोपेकेत राहणारा. राहण्याची जागा दोघांची एक असेलही, पण पहिला अथेन्सचा नागरिक आहे आणि दुसरा नाही, एवढे त्या दोन शब्दांनी पक्के सांगितले आहे.

संस्कृत व्याकरण वाचलेल्यांना येथे पाणिनी आठवेल. ‘सोऽस्य निवासः’ आणि ‘अभिजनश्च’ अशी दोन लागोपाठची सूत्रे त्याने दिली आहेत, आणि टीकाकारांनी भेद असा सांगितला की जिथे सध्या राहतो तो निवास, जिथे पूर्वज राहिले तो अभिजन. पाणिनीला दोन्ही अर्थांसाठी प्रत्यय हवे आहेत. ग्रीक नगरवासीवाचक नाम अभिजनाच्या बाजूला झुकते, आणि त्यावर कायद्याचा शिक्का असतो.

गावाबाहेर पडल्यावर हे नाव अंगावर चढते. अथेन्समधल्या परदेशीयांच्या थडग्यांवर नाव, वडिलांचे नाव आणि नगरवासीवाचक नाम असा क्रम असतो. हेलेनिस्टिक आणि रोमन काळात त्यांत मिलेसिओस सर्वाधिक दिसतात, त्यानंतर अन्तिओखेउस बरेच. स्टोइक पंथाचा प्रवर्तक झेनोन सायप्रसच्या कितिओनचा. त्याने आयुष्य अथेन्समध्ये काढले, तरी स्नानगृहाच्या दुरुस्तीला वर्गणी देणाऱ्यांच्या शिलालेखात त्याचे नाव ‘झेनोन, तत्त्वज्ञ’ असे कोरले गेले तेव्हा त्याने त्यात ‘कितिएउस’ही घालायला लावले, असे तत्त्वज्ञांचा चरित्रकार डिओगेनीस लाएर्टिओस सांगतो. हेरोडोटसच्या ग्रंथाच्या पहिल्या ओळीत आज आपण ‘हालिकार्नासोसचा’ असे वाचतो, पण अ‍ॅरिस्टॉटलने ती ओळ ‘थूरिओस हेरोडोटसचे’ अशी उद्धृत केली आहे. दक्षिण इटलीतल्या थूरिओइ या नव्या वसाहतीत तो जाऊन राहिला होता आणि तिथला नागरिक म्हणूनही ओळखला जाई. नागरिकत्व बदलले तर नाव बदलते. नुसता पत्ता बदलला तर नाही.

हा फरक किती जिव्हारी लागणारा होता, ते एका पपायरसवर दिसते. इ.स.पू. ५-४ मधला तो अर्ज आता बर्लिनच्या संग्रहात आहे. त्रिफोनचा मुलगा हेलेनोस याने इजिप्तच्या रोमन प्रांताधिपतीकडे डोईपट्टीबाबत दाद मागितली आहे. लेखनिकाने आधी त्याला ‘अलेक्सांद्रेउस’ लिहिले. मग तो शब्द खोडून वर ‘अलेक्सांद्रेइआतल्या लोकांपैकी एक यहुदी’ असे घातले. मजकूर पुढे सांगतो की त्याचा बाप अलेक्सांद्रेउस होता आणि तो स्वतः कायम याच शहरात राहिलेला आहे. शहर तेच, जन्म तिथलाच. पण अलेक्सांद्रेउस म्हणजे अलेक्झांड्रियाचा नोंदणीकृत नागरिक, ज्याला ही पट्टी माफ होती, आणि ‘अलेक्सांद्रेइआतल्यांपैकी’ म्हणजे तिथे राहणारा. खोडलेल्या एका शब्दावर हेलेनोसचा सारा खटला उभा होता. ‘अपो’, म्हणजे ‘-कडून, -तून’, या अव्ययाने नगर सांगितले असेल आणि नगरवासीवाचक नाम टाळले असेल, तर इजिप्तमधल्या कागदपत्रांत तरी तिथे थांबून विचार करावा.

गुलामांच्या बाबतीत हे नाव वेगळ्याच रीतीने येते. डेल्फीच्या मुक्तिलेखांत ‘वंशाने सीरियन’, ‘वंशाने थ्रेशियन’ असा उल्लेख असतो. ‘तो गेनोस’ हा ‘वंशाने’ अर्थाचा शब्द पुढे लागला की तिथे नागरिकत्वाचा प्रश्नच उरत नाही. स्त्रियांची रूपे पुरुषांवरून होतात: ‘-इओस’चे ‘-इआ’, म्हणून पेरिक्लेसची सहचारिणी आस्पासिआ ही मिलेसिआ, ‘-तेस’चे ‘-तिस’, ‘-एउस’चे बहुधा ‘-इस’, पण अन्तिओखेउसचे स्त्रीरूप अथेन्सच्या थडग्यांवर ‘अन्तिओखिस्सा’ असेही आहे. अथेन्सची नागरिक स्त्री मात्र घरी सहसा ‘आस्ते’, म्हणजे नगरातली, म्हणवली जाई आणि तिच्या थडग्यावरचा देमोस वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाला जोडलेला, पुल्लिंगी षष्ठीत असतो.

महाराष्ट्रातला एक दाखला या विषयाला खरोखर लागून आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्यात प्राकृत लेखात दाता स्वतःची ओळख ‘ओतराहस दातामितियकस योणकस’, म्हणजे उत्तरेकडचा, दातामितीचा, यवन, अशी देतो. तो धंमदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. दातामिती म्हणजे देमेत्रिओस राजाच्या नावाचे देमेत्रिआस नगर, असे अभ्यासक मानतात. ग्रीकमध्ये तोच माणूस ‘देमेत्रिएउस’ झाला असता. नगरनाम ग्रीक, प्रत्यय प्राकृत, आणि दोन्ही बाजूंनी एकच चाल: गावाबाहेर असताना आपले नगर सांगणे.

शेवटी व्यवहाराचा सल्ला. रूप शोधायचे असेल तर सहाव्या शतकातला बिझंटिओनचा स्तेफानोस हा पहिला थांबा. त्याने नगरांची वर्णानुक्रमे यादी करून प्रत्येकाचे नगरवासीवाचक नाम दिले आहे. आज बव्हंशी त्याचा संक्षेपच उपलब्ध आहे. ‘-एनोस’ हा आशियाकडचा ढंग, अशा त्याच्या नोंदी फार उपयोगी पडतात. पण तो व्याकरणकार होता, आणि कित्येकदा एखाद्या रूपाला कोणी वापरल्याचा आधार नसला तरी साम्यावरून ‘असे व्हायला हवे’ म्हणून ते देतो. म्हणून त्याच्याकडून निघून नगराच्या स्वतःच्या नाण्यांकडे आणि शिलालेखांकडे जावे. तिथले रूप आणि ग्रंथातले रूप यांत फरक पडला तर नाणे खरे मानावे, सिराकूझवाले स्वतःला काय म्हणत हे त्यांना जास्त ठाऊक. उलट दिशेने, म्हणजे नामावरून नगर शोधताना, घाई करू नये. हेराक्लेइआ, अन्तिओखेइआ, लाओदिकेइआ, माग्नेसिआ या नावांची अनेक नगरे होती आणि दगडावर बहुधा नुसतेच ‘हेराक्लेओतेस’ किंवा ‘अन्तिओखेउस’ असते. ‘माइआंद्रोस नदीकाठचा’, ‘लिकोस नदीकाठचा’ अशी जोड दिलेली असेल तर नगर ठरते. नसेल तर नकाशावर खूण करण्याचा मोह आवरावा आणि टिपणात ‘कोणत्यातरी हेराक्लेइआचा’ असेच लिहावे.